दादा बाहेर काढला आणि मादीच काळी पडायला लागली

मी फिशटँक मेंटेनन्सचं काम करतो. ठाण्यातल्या एका काकांकडे चार फुटी टँक आहे, सगळे मबुना, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी लेकमधले दगडांच्या कपारीत राहणारे मासे, आणि त्यात ऑरॅटस जातीचा एक नर, काळाकुट्ट, टँकचा दादा, अख्खा टँक त्याच्या मालकीचा, आणि त्याच जातीची एक पिवळी मादी. काका दोन-दोन नवीन मासे आणून सोडायचे आणि सकाळी शेपटी कुरतडलेले, खवले उडालेले मासे काढायचे. दुकानवाल्यांचा खरंच राग येतो, ऑरॅटसचं दीड इंचाचं पिवळंधमक पट्टेवालं पिल्लू "मिक्स आफ्रिकन" म्हणून पिशवीत देतात, मोठं होऊन ते काय करणार हे एकजण सांगत नाही.

म्हटलं काका, यावेळी दोन नाही, डझनभर एकदम सोडू, येलो लॅब आणि रस्टी या मबुनाच्याच दोन जाती, म्हणजे एकाच माशावर सगळा राग निघत नाही. मासे आधी माझ्याकडे क्वारंटाइनला ठेवले होते. दादाला वेगळ्या टबात टाकलं आणि सगळे दगड बाहेर काढले. हे लोकांना पटतच नाही पण मबुनाचं निम्मं भांडण कपारीवरून असतं, कपारी बदलल्या की जुना मासाही नव्यासारखाच चाचपडतो. परत लावताना मोठे दगड आधी तळाच्या काचेवर बसवायचे आणि वाळू नंतर, कारण हे मासे खणतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कलंडतो. आपलं नळाचं पाणी मऊ, यांना पीएच आठच्या आसपास लागतो म्हणून फिल्टरमधे कोरलचा चुरा असतोच, तरी नवीन माशांना सवय व्हावी म्हणून एअरपाइपला गाठ मारून त्यांच्या बादलीत तासभर थेंब थेंब टँकचं पाणी सोडलं. जुन्यांना पोटभर खायला घातलं, लाइट बंद केला आणि सगळे एकदम सोडले.

संध्याकाळी काकांचा फोन, "अरे ती ऑरॅटसची मादी काळपट दिसतेय, आजारी पडली का?"

पुढच्या फेरीला बघतो तर पोट काळं, अंगावर फिकट निळसर पट्टे. नर! दबलेला नर मादीच्याच पिवळ्या रंगात राहतो हे माहीत होतं, पण इतके दिवस आम्ही सगळेच त्याला मादी समजत होतो आणि दादाही बहुतेक तेच समजत असणार, नाहीतर त्याने त्याला जिवंत ठेवला नसता.

नवीन मासे सगळे जगले. हा नवा दादा एक कोपरा धरून बसतो, पाठलाग करतो पण मारत नाही. हे दगड हलवल्यामुळे की गर्दीमुळे की याचा स्वभावच तसा, ते मला अजून ठरवता येत नाहीये. जुना दादा माझ्याकडे आहे, काका दर फेरीला विचारतात कधी आणतोस परत, मी सध्या तरी नाही म्हणतोय.