आमची वाटचाल: केरीची होडी, तेरेखोलची खाडी

गोव्याच्या उत्तर टोकाला, केरीला उतरल्या उतरल्या "डॉल्फिन किती वाजता दिसतात?" असं विचारणाऱ्याला आम्ही पहिल्यापासून एकच सांगत आलो: आधी खाडी बघा. सुरूचं बन, आजोबा देवाचं देऊळ, पलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला आणि मधून समुद्राला मिळणारी नदी. एवढ्यावर आमचा होडीच्या सफरींचा धंदा उभा राहिला. याचा मला अभिमान आहे.

सुरुवात वडिलांच्या लाकडी होडीने झाली. फळ्या काथ्याने शिवलेल्या, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा लाकडी ओंडका. पावसाळ्याआधी ती वर ओढून काजूच्या टरफलाचं तेल पाजायचं, म्हणजे लाकूड कुजत नाही. पुढे फायबरची होडी आणि यामाहाचं इंजिन कर्जाने घेतलं. आमचं इंजिन अजून पहिलंच आहे, कारण रोज संध्याकाळी ते गोड्या पाण्याच्या पिंपात चालवतो आणि बाजूच्या बारीक भोकातून पडणारी, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार बघतो. धार बारीक झाली की इम्पेलर, म्हणजे ते पाणी खेचणारा छोटा पंखा, बदलायचा, उद्यावर टाकायचं नाही. आजची पोरं हे करत नाहीत आणि मग कंपनीला शिव्या देतात. नव्याने धंद्यात पडणाऱ्याने होडीच्या रंगावर पैसे घालण्याआधी पिंप घ्यावं.

माझे भागीदार म्हणजे होडी चालवणारे आमचे तांडेलकाका. पैसा माझा, पाणी त्यांचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला शिकवलं: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना समोरून वारा आला की तिथे लाट उभी राहते. अशा वेळी काका गिऱ्हाइकाला काठावर बसवून ठेवत, पैसे गेले तरी चालतील म्हणत.

मग तो आला. नाव लिहीत नाही, इथल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन स्पीडबोटी, वर कर्णा, आणि 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत'. टॅक्सीवाल्याला डोक्यामागे कमिशन, हॉटेलवाल्याला वेगळं. डॉल्फिन किनाऱ्यालगत उथळ पाण्यात येतात, हा त्यांच्या मागे बोट घालून त्यांना बुडी मारायला लावायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. तो सगळा हंगाम आमची होडी वाळूत पडून राहिली. कर्जाचे हप्ते थकले. इंजिन विकायचंय का म्हणून एक माणूस घरी आला, तो कोणी पाठवला होता ते मला नंतर कळलं. काका म्हणाले, "इंजिन दिलंस तरी मी वल्ह्याने नेईन. पण देऊ नकोस." त्या हंगामात त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

बेळगावच्या एक बाई दर थंडीत शाळेची मुलं घेऊन यायच्या. त्या स्पीडबोटवाल्याने त्यांना किनाऱ्यावरच गाठलं आणि आमच्या निम्म्या भावात नेतो म्हणाला. बाईंनी मुलांसमोर विचारलं, "तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा कधी लागला?" तो गप्प. काका आपल्या होडीतूनच म्हणाले, "१५ ऑगस्ट १९५४. सत्याग्रह्यांनी लावला, गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षं आधी." मग सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी कसा घेतला, तेही त्यांनी सांगितलं. मुलं आमच्या होडीत बसली. बाईंनी तिथेच पुढच्या वर्षाचे पैसेसुद्धा दिले. त्या पैशांत थकलेले हप्ते भरले.

नंतरची वर्षं बरी गेली. २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर आमच्या पेडणे तालुक्याकडे माणसं वाढली. तो स्पीडबोटवालाही आता 'शांत खाडी सफर' विकतो, त्याच्या पाटीवर मजकूर शब्दन्‌शब्द आमचा. मोरजीला कासवं अंडी घालतात तिथे रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं नेतो. आमच्याकडे ते कधी झालं नाही, होणार नाही. मोरजीला जा, पण दिवसा जा आणि वनखात्याने कुंपण घातलेली घरटी लांबून बघा.

येणाऱ्यांनी असं करावं: सकाळी फेरीबोटीने तेरेखोलला जा. किल्ल्यातलं सेंट अँथनीचं चर्च आणि तटावरून दिसणारा केरीचा किनारा बघा. हरमलचं गोड्या पाण्याचं तळं दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, घाईत त्याची मजा जाते. खाडीत चढत्या भरतीला शिरा, खारफुटीत खंड्या आणि बगळे जवळून दिसतात. कोणाच्याही होडीत बसा, पण भाव ठरवण्याआधी लाइफ जॅकेट हातात घेऊन बकल लावून बघा. लागत नसेल तर उतरा. पावसाळ्यात आमची होडी वर असते, गणपती झाले की विचारा.