घाट चढणारी गाडी

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीमागे बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी, इंजिने जोडली जातात आणि तेवढ्या वेळात फलाटावर बटाटेवड्यांचा फडशा पडतो. पुढे 1863 साली खुला झालेला बोरघाट सुरू होतो. तिथली तीव्र चढण म्हणजे 37 मीटर अंतर गेल्यावर 1 मीटर उंची. गाडी एका संथ लयीत चढत राहते. तिची गती वाढत नाही आणि, सुदैवाने, कमीही होत नाही.

गती बदलत नाही, म्हणजे गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली ऊर्जा) बदलत नाही. म्हणजेच गाडीवर झालेले एकूण कार्य, सगळ्या बलांनी मिळून तिला दिलेली ऊर्जा, शून्य. शाळेत हे वाक्य पाठ करून गुण मिळतात, पण पुढून-मागून घुमणारी इंजिने ऐकताना ते कोणाला पटावे? खुबी ‘एकूण’ म्हणण्यात आहे. इंजिने जेवढे कार्य करतात, नेमके तेवढेच गुरुत्वाकर्षण आणि घर्षण मिळून उलट दिशेने करतात. हिशेबाची बेरीज शून्य येते, उलाढाल मात्र प्रचंड असते. हजार टनांची गाडी या चढावर नुसती टिकून राहायची, तरी सुमारे 27 टन वजनाइतका जोर लागतो. आणि ती 500 मीटर उंच नेण्यासाठी, घर्षण सोडूनही, साधारण 1360 युनिट वीज खर्ची पडते. ती ऊर्जा स्थितिज, म्हणजे उंचीमुळे मिळालेल्या, रूपात गाडीत साठते. साठ किलोच्या प्रवाशाच्या वाट्याला यातले जेमतेम 70 किलोकॅलरी येतात, म्हणजे कर्जतला खाल्लेल्या एका वड्यातली ऊर्जाही त्याला वर न्यायला, निदान कागदावर तरी, पुरून उरेल.

उतरताना सगळी चिन्हे उलटतात. आता गुरुत्वाकर्षण गाडीला ओढते आणि वेग वाढू नये म्हणून ब्रेक तिला अडवतात. साठलेली ऊर्जा वेगात उतरू द्यायची नाही, तर ती उष्णता होऊन चाकांपाशी बाहेर पडते. खिडकीतून येणारा तो करपट वास तिचाच. नव्या विद्युत इंजिनांमध्ये मात्र उतारावर मोटारीच जनित्राचे काम करतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असेल, तर तिला त्या विजेचा उपयोग होतो. पूर्ण परतफेड अर्थातच होत नाही, कारण घर्षणाने आपला वाटा दोन्ही वेळा आधीच काढून घेतलेला असतो.