माजी विद्यार्थ्यांच्या यादीसाठी गेलेला एक महिना

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा आपली आपण शोधायची होती. ओळखी वाढवा, असे सगळेच शिक्षक सांगत. परंतु अनोळखी माणसाशी पहिले वाक्य कोणते बोलावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था 1958 पासून आपल्याच नागपुरात आहे, आणि तरीही तिथे काम करणाऱ्या एकाही माणसाशी मी तोवर बोललेले नव्हते.

आमच्याच विभागातून बाहेर पडलेल्यांपासून सुरुवात करावी, म्हणून मी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी कक्षात गेले. खिडकीवरच्या मॅडमनी अर्ज लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेले, तर त्यावर विभागप्रमुखांची सही हवी होती. सर दौऱ्यावर असल्याने सहीला आठ दिवस लागले. सही घेऊन गेले तेव्हा विभागाचा शिक्का राहिला होता. शिक्का घेऊन परत आले, तर मॅडम जेवायला गेलेल्या. त्या तीन वाजता येतील असे शिपाईदादांनी सांगितले, आणि त्या आल्या सव्वाचारला. मी काटोलहून एसटीने ये-जा करत असल्यामुळे अशा प्रत्येक खेपेत माझा अख्खा दिवस जात होता. पाचव्या खेपेला मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, फोन नंबर तर आम्ही कोणालाच देत नाही. तसा नियमच आहे."

नियम योग्यच आहे. माझा नंबर कोणी असा परस्पर वाटला असता तर मलाही आवडले नसते. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती आजही तितकीच तीव्र आहे, की हे एक वाक्य पहिल्या दिवशी, अर्जाचा कागद हाती देण्यापूर्वी सांगता आले असते. मी लिहिलेले पत्र कक्षाने त्या माजी विद्यार्थ्यांना पाठवावे आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी मला उत्तर द्यावे, असा मार्गही मी सुचवला. त्यावर "बघू" यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

ज्या माहितीसाठी मी महिनाभर हेलपाटे घातले, त्यातील बरीचशी लोकांनी स्वतःहून उघड ठेवलेली होती. लिंक्डइनवर महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथे शहर, नोकरीचे ठिकाण व शिक्षणाचा विषय निवडून नावे पाहता येतात. मी अकरा जणांना संदेश पाठवले. पहिल्या सहा संदेशांत माझी सगळी माहिती आणि शेवटी "संधी असल्यास कळवावे" असे होते. एकाचेही उत्तर आले नाही. पुढच्या पाच जणांना मी ओळखीची एक ओळ आणि त्यांच्या कामाशी संबंधित एकच प्रश्न लिहिला. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याजवळील विहिरींचे नमुने पावसाळ्याआधी घ्यावेत की नंतर, असे मी एका ताईंना विचारले होते. त्यांनी त्याच रात्री लिहिले: दोन्ही वेळा घे, नाहीतर तुलना कशाशी करशील? पाचांपैकी तिघांची उत्तरे आली.

प्रत्यक्ष भेटीत बोलणे मला याहून अवघड गेले. त्या ताईंनीच कळवलेल्या एका व्याख्यानाला मी गेले आणि चहाच्या वेळी कागदी कप दोन्ही हातांत धरून भिंतीशी उभी राहिले. कप रिकामा झाला तरी पाय पुढे पडेनात. अखेर वक्त्यांजवळ जाऊन म्हणाले, "सर, दुसऱ्या तक्त्यात आपण उन्हाळ्यातले आकडे का वगळले, ते मला समजले नाही." त्यांनी वही मागितली, उभ्याउभ्याच आकृती काढून समजावले आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमशी माझी ओळख करून दिली. पुढे माझे नमुने त्याच प्रयोगशाळेत तपासले गेले. त्या क्षणी वाटलेला अभिमान मी लपवणार नाही.

जिवलग मैत्रिणींकडून मात्र या कामी काहीच हाती लागले नव्हते. त्याचे कारण मला नंतर मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाच्या 1973 च्या लेखात सापडले: जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते, नवी माहिती येते ती जुजबी ओळखीच्या माणसांकडून.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. व्याख्यानाला जाताना वही आणि पेन हवेच, आणि भेटलेल्या माणसाचे नाव व झालेले बोलणे घरी पोहोचण्यापूर्वी लिहून ठेवावे. मी ते एसटीत बसल्या बसल्या लिहिले, म्हणून दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या आभाराच्या संदेशात त्या आकृतीचा नेमका उल्लेख करता आला.

"येथे माजी विद्यार्थ्यांचे संपर्क क्रमांक दिले जात नाहीत" अशी पाटी खिडकीवर लावावी, असा लेखी अर्ज मी परवा त्या कक्षात दिला आहे. या वेळी विभागप्रमुखांची सही आणि शिक्का आधीच घेतला होता.