फोडणीतली मेथी आणि एलडीएल

लग्नाकार्यात भेट झाली की नात्यातलं कुणीतरी मला बाजूला घेतं आणि फोनवरचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट दाखवतं. सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली म्हणून हा विश्वास. पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘ताई, कोलेस्टेरॉलची गोळी नको वाटते हो. लसूण खाऊ की मेथी?’

मी सांगते, चवीपुरतं घातलंत तर दोन्हींनी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, हलणार नाही. पोटभरीचं अन्न म्हणून खाणार असाल तर मेथीचं बोलू.

लसणाचं आधी सांगते. पाकळी ठेचली की अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो उग्र वास. त्याच्यावर लोकांची फार भिस्त. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने एलडीएल थोडं वाढलेल्या १९२ जणांचे गट केले आणि सहा महिने कुणाला कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या गोळ्या, कुणाला औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. २००७ साली निष्कर्ष छापून आला: एलडीएलमध्ये दखल घ्यावी असा फरक नाही. लसूण जरूर खा, मला स्वतःला ठेच्यात तो सढळ हाताने लागतो. पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी कच्च्या पाकळ्या खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मेथीची गोष्ट वेगळी आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात, तेलतूप पचवायला मदत करतात आणि बहुतेक सगळी शोषली जाऊन परत यकृतात पोचतात. मेथ्या भिजवल्यावर बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो, तो पाण्यात विरघळणारा तंतू. तो यातली काही आम्लं धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग यकृताला नवी बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.

पण हे घडायला तंतू भरपूर हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर जे काम झालं, त्यात रोजची मात्रा २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत होती. आपल्या फोडणीत पडतात ते दाणे माणशी ग्रॅमभरसुद्धा भरत नाहीत. आणि मेथ्यांचं पाणी पिऊन दाणे फेकून देणारे पाहिले की जीव तुटतो, कारण तंतू दाण्यातच राहिलेला असतो! त्यापेक्षा मोड आणून गूळ-खोबरं घालून उसळ करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर एवढ्या मेथ्यांनी साखर जास्त उतरू शकते, ती तपासत राहा.

उसळ कडू लागते म्हणणाऱ्यांना मी जवसाची चटणी सांगते. जवस कोरडे भाजायचे, तडतडले की उतरवायचे. लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून कुटायचे. कुटणं महत्त्वाचं, कारण अख्खे दाणे बरेचदा तसेच पोटातून बाहेर पडतात. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीवर चटणी घेऊन वर तेल ओततात. मी दही घेते. मटकी, वाल, ओट्स, इसबगोल यांतही हाच तंतू असतो.

मग धने, जिरं, दगडफूल, हळद यांचा उपयोग काय? माझ्या मते मोठा आहे. काळा मसाला चांगला असेल तर आमटीवर तर्री लागत नाही आणि मीठही कमी चालतं. तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते नावापुरतंच असतं. बघायची ती संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी: पामतेलात जवळपास निम्मी, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा. एलडीएल चढतं ते मुख्यतः हिच्यामुळे.

एलडीएल १९० च्या वर असेल तर उसळ-चटणी चालू ठेवून डॉक्टरांकडे जायचंच. जाताना टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची, तपासणीही करून घ्या. थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल चढतं आणि थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर ते उतरलेले रिपोर्ट मी लॅबमध्ये स्वतः पाहिले आहेत.