शेवटच्या महिन्याचं व्याज

चौदा वर्षं मी कर्ज विभागात काढली. अर्ज तपासायचे, ताळेबंद वाचायचे, कोणाला किती द्यायचं ते ठरवायचं. मग नोकरी सोडली. दिवसा व्यवसाय व्यवस्थापन शिकवायला लागले आणि संध्याकाळी दोन तास लहान धंदा करणाऱ्यांचा वर्ग घ्यायला लागले. सुरुवातीला माझं शिकवणं कोरडं होतं. गुणोत्तरं, आलेख, व्याख्या. लोक मान डोलवायचे, पण वहीत काही उतरायचं नाही.

त्या दिवशी विषय होता खेळतं भांडवल. माल आज रोखीने घेतला, विकला उधारीवर, पैसे दोन महिन्यांनी आले. मग मधले दोन महिने धंदा कोणाच्या पैशावर चालला? शिवणकाम करणाऱ्या एका ताई मागून म्हणाल्या, "माझा तर कर्जावर चालला, मॅडम. हे बघा."

चार घड्या घातलेला कागद होता. घडीवरचे आकडे पुसट झाले होते, भरलेल्या सात हप्त्यांसमोर पेनाने बारीक फुल्या होत्या. मुद्दल १२,०००, मुदत १२ महिने, व्याज १२ टक्के, हप्ता १,१२०. मांडणी बघताक्षणी ओळखली. याला फ्लॅट रेट म्हणतात. असेच कागद माझ्या टेबलावरूनही जायचे. "महिन्याला फक्त एक टक्का" असं सांगून कर्ज विकायचं, हे मी नवीन मुलांना स्वतः शिकवलं होतं.

खेळतं भांडवल बाजूला ठेवलं आणि फळ्यावर बारा ओळी मांडल्या. १,१२० मधले १,००० मुद्दलाचे, १२० व्याजाचे. पहिल्या महिन्यात ताईंकडे १२,००० आहेत, त्यावर १२० म्हणजे एक टक्का, बरोबर. एक हप्ता गेला, ११,००० उरले. व्याज तरीही १२०. सातव्या महिन्यात ६,०००, व्याज १२०. आता ताईच पुढे सांगत होत्या, मी नुसती लिहीत होते. बाराव्या ओळीवर त्या थांबल्या.

"शेवटी माझ्याकडे हजारच राहिले. त्यावर एका महिन्याचे एकशेवीस? म्हणजे महिन्यालाच बारा टक्के झाले की!"

वर्गात कोणी बोलेना. पैसा पूर्ण वर्षभर आपल्याकडे नसतोच, दर महिन्याला परत जात असतो. व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर हिशेब केला तर हा दर वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के पडतो. ही आकडेमोड मला पहिल्या वर्षापासून येत होती. पण समोर फुल्या मारलेला कागद घेऊन बसलेल्या माणसाला ती कधी करून दाखवली नव्हती, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांचा पुढचा प्रश्न अगदी रोखठोक होता: राहिलेलं आज एकदम फेडलं तर? मी म्हटलं, मुद्दल राहिलंय ५,०००. पाचही हप्ते भरले तर जातील ५,६००. कर्ज आज बंद करताना पुढचं ६०० व्याज सोडतात का, आणि मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क किती, हे दोन्ही लेखी मागा. सोडत नसतील तर घाईने फेडण्यात काही फायदा नाही. तो पैसा कापडात घाला. आणि पुढच्या वेळी सही करण्याआधी एकच विचारा, व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर? शेजारच्या काकांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं.

वर्ग संपल्यावर ताई थांबल्या. मला राहवेना. "ताई, मी अशाच ठिकाणी नोकरी केलीय. असे कागद मीही मंजूर केलेत."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी दुसरा कागद काढला. हा जाड होता, २४ महिन्यांचा.

"हा बहिणीचा आहे," त्या म्हणाल्या. "यात काय काय लपवलंय ते तुम्हालाच कळेल. बसा."

फळा अजून पुसला नव्हता. मी उरलेल्या जागेत चोविसाव्या महिन्याची ओळ आधी लिहिली.