नऊ इंच

तक्रार शेजाऱ्याची होती. "पूर्वेची जागा सोडलेली नाही, पाहणी करून काम थांबवावे." सोबत मोबाईलवर काढलेल्या फोटोंच्या चार रंगीत प्रती. आमच्या नगर परिषदेत अशा तक्रारी पावसाळ्याआधी जास्त येतात. सगळ्यांनाच स्लॅब जूनच्या आत उरकायचा असतो. औसा-निलंगा पट्ट्यातलं आमचं गाव. मी तिथं कनिष्ठ अभियंता, आणि बांधकाम परवानगीचं टेबल माझ्याकडे.

प्लॉट जुन्या गावठाणाला लागून होता, दोन गुंठ्यांचा, म्हणजे दोनशे चौरस मीटरच्या थोडा वर. राज्याची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू झाली. तिच्यात दीडशे ते तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटला परवान्यावरच्या इंजिनिअरच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी मिळते. दीडशेच्या आत तर नकाशा देऊन फी भरली की पावतीच परवानगी. लोकांपर्यंत मात्र यातलं अर्धंच पोचलं, "आता परवानगी लागत नाही" एवढंच. मार्जिन, म्हणजे हद्दीपासूनची मोकळी जागा, सोडायचं तसंच आहे, हे सांगता सांगता आमची अर्धी दुपार जाते.

या घराची परवानगी होती, नकाशाही मंजूर होता. त्यात पूर्वेला दीड मीटर सोडलेलं. हद्दीचे दगड जागेवर सापडले, तिथून मी टेप लावला. एक मीटर सत्तावीस. पुन्हा लावला. तेवढंच. तेवीस सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंच कमी.

जोत्यावर एक म्हातारे गृहस्थ सिमेंटचं रिकामं पोतं अंथरून बसले होते. घरमालक. सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला पटका. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

"मोजायलाव ते बरोबर हाय साहेब. नऊ इंच कमी हाय. मीच सरकवलंय."

इतकं सरळ उत्तर सहसा मिळत नाही. लोक आधी टेपच चुकीचा ठरवतात.

आबा उठून कोपऱ्याशी आले. "इथं पेव निघालं."

पायाचा खड्डा खोदताना जुनं बुजवलेलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, लागलं होतं. आत राख, खापऱ्या, भुसभुशीत माती. पेवाची कड फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या, खड्ड्यात नऊ इंच घुसलेली. बाजूला मात्र पक्का मुरूम. सेंटिंगवाला म्हणाला, भराव टाकून धुम्मस करू, म्हणजे ठोकून दाबू, आणि वर फुटिंग घेऊ. आबांनी ऐकलं नाही. पूर्वेची कॉलमांची रांगच नऊ इंचांनी बाहेर घेतली, मुरमावर. सुधारित नकाशा द्यावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ज्या इंजिनिअरची सही नकाशावर होती, तो पायाच्या वेळी फिरकलाच नव्हता.

मी पंचनामा लिहायला घेतला. आबा मधेच म्हणाले, "साहेब, रिंगा बगितल्याच न्हाईत तुमी."

कॉलमचं लोखंड जोत्याच्या वर बांधून उभं होतं. मी वाकून पाहिलं. उभ्या गजांना बाहेरून आवळणाऱ्या प्रत्येक रिंगेचं टोक पुरतं आत वळवलेलं, १३५ अंशात. खाली सांध्याजवळ रिंगा दाट, चार बोटांच्याही आत. फिटरला हे काम जिवावर येतं. टोक ९० अंशात मोडलं की झटपट होतं. पण हादरा बसून वरचं काँक्रीट सुटलं की ९० ची रिंग उघडते आणि उभे गज फाकतात. आत वळलेलं टोक काँक्रीटच्या पोटात धरून राहतं. ज्या भारतीय मानकात हे लिहिलंय, त्याची पहिली आवृत्ती १९९३ ची.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, विसर्जन करून लोक झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरात अजून काळ मोजतात तो भूकंपाच्या आधी आणि नंतर असाच. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीनं भरलेलं माळवद. सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ५२ गावं उठून दुसरीकडं वसवावी लागली. तोवर हा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, झोनमध्ये गेला.

आबांचं गाव त्या ५२ मधलं. कोण गेलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, "फिटरला दोन रोज बसून शिकवलं. मजुरी जास्त मागितली, दिली."

माझ्या फॉर्मवर रिंगांचा रकाना नाही. मार्जिन, उंची, जोत्याचं क्षेत्रफळ, एवढंच. लोखंडाची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीवर. मी आबांना काम थांबवायला सांगितलं. शेजारी गेटातून बघत होता, समाधानानं.

त्याच दिवशी दुपारी तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या साइटवर जोते तपासणी होती. मोठा प्लॉट, खाली गाळे, वर दोन मजले. चारी बाजूंचं मार्जिन नकाशाबरहुकूम, उलट मागं दोन इंच जास्तच. सकाळी पाहिलं नसतं तर इथंही पाहिलं नसतं. रिंगा वीत-वीत अंतरावर, सगळी टोकं ९० अंशात. मी ठेकेदाराला म्हणालो, हे बदलून घ्या.

"साहेब, मार्जिन बघा ना तुम्ही," तो हसून म्हणाला. चहा मागवला होता. मी घेतला नाही, पण सही केली. न करायला माझ्याकडं रकाना नव्हता.

संध्याकाळी दोन्ही फायली लिहिल्या. नियमावलीत खऱ्या अडचणीच्या वेळी मोजमापात सवलत देण्याची सोय आहे, त्यामुळे आबांसाठी सुधारित नकाशा आणि हार्डशिपचा प्रस्ताव सुचवला. पेवाचे फोटो जोडले. आणि दोन्ही टिपणींच्या शेवटी रिंगांबद्दल एकेक ओळ घातली.

वरिष्ठांनी ती ओळ दोन्हीकडं खोडली. "तुझ्या टेबलाचा विषय आहे का हा? उद्या काही झालं तर तू पाहिलं होतंस, असं होईल." माणूस वाईट नाही. त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आलीय.

आबांचा प्रस्ताव पुढं गेला. तो परत येईपर्यंत त्यांचं लोखंड उघड्यावर राहिलं, त्यावर ते रोज पोती झाकायचे. दुसऱ्या साइटवर मी आठवड्यानं मुद्दाम गेलो. कॉलम भरून झाले होते. गडी ओलं गोणपाट गुंडाळून त्यांच्यावर पाणी मारत होता.