तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा कमी झाली, तर अपील कोणी करायचे?

जळगावला वकिली करताना अमळनेर-चोपड्याकडचे पालक मला एक प्रश्न वारंवार विचारतात : लहान मुलीचे अश्लील चित्रण करून ते मोबाइलवर पसरवणारा थोडक्या शिक्षेवर सुटला, तर आम्हाला अपील करता येत नाही का?

केवळ शिक्षा अपुरी आहे म्हणून पीडितेला किंवा तिच्या पालकांना अपील करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ४१३ ने त्यांना निर्दोष सुटका, सौम्य गुन्ह्याखालील दोषसिद्धी आणि अपुरी भरपाई या तीनच कारणांसाठी तो हक्क दिला आहे. शिक्षा वाढवून मागण्याचे अपील कलम ४१८ प्रमाणे राज्य सरकार करते. भरपाई कमी वाटली तर दाद मागता यावी आणि तुरुंगवास कमी वाटला तर मागता येऊ नये, ही विभागणी मला आजवर पटलेली नाही.

म्हणून निकाल हाती आला की मी शिक्षेच्या वर्षांआधी कलम पाहतो. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १४ खाली, म्हणजे अश्लील चित्रणासाठी बालकाचा वापर केल्याबद्दल, २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान ५ वर्षांचा कारावास आहे आणि त्याखाली जाण्याची मुभा न्यायालयाला नाही. कलम १५ मात्र असे साहित्य बाळगण्याविषयी आहे आणि त्यातील पहिल्या प्रकारात पहिल्या वेळी नुसत्या दंडावरही भागते. ज्याने चित्रण स्वतः केले त्याला कलम १४ मधून मोकळे करून केवळ १५ खाली दोषी धरले असेल, तर तक्रार शिक्षेची राहत नाही, सौम्य दोषसिद्धीची होते. आणि तिथे पालकांचा स्वतःचा हक्क उभा राहतो.

कलम बरोबर असूनही शिक्षा तोकडी असेल, तर निकालाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि सरकारी वकिलांना अपिलाचा प्रस्ताव पाठवण्याची लेखी विनंती करावी. विशेष न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध सरकारला उच्च न्यायालयात जाण्यास ६० दिवस असतात. खान्देशातील प्रकरणे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातात. फाइल टेबलांवरून फिरण्यातच त्यातले बरेच दिवस सरतात. सरकार हलले नाही, तर पालकांना निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहण्याची विनंती, करता येतो. शिक्षा वाढवण्याचा अधिकार त्या न्यायालयाला तिथेही आहे. मात्र सरकारच्या अपिलात आरोपीलाही निर्दोष सुटकेची मागणी करता येते, हे मी घरच्यांना आधीच सांगतो.

आणखी एक. लोकांची सहानुभूती मिळावी म्हणून ती चित्रफीत नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी टाकू नये. तसे करणारा स्वतःच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये सापडू शकतो.